खालच्या कप्प्यातली चिठ्ठी

टिक... टिक... टिक...

हा मी ऐकलेला पहिला आवाज. देवरीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे एक माणूस फतकल मारून बसला होता. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात लहानशी हातोडी. तो माझ्या अंगावर एकेक ठिपका उमटवत होता आणि ठिपक्यांतून अक्षरं तयार होत होती. शेवटचा ठिपका पडल्यावर त्याने फुंकर मारली आणि मला समोरच्या माणसाच्या हातात दिलं.

"घे. आता हरवला तरी घरी येईल."

मी जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, बाजूला कडी, वर धरायला मूठ. माझ्या अंगावर 'आसाराम' असं नाव आहे. मला तेवढीच चार अक्षरं येतात. बाकीचं जे सांगतो, ते पाहिलेलं आणि ऐकलेलं.

आसाराम चिचगडचा. जंगलात लाकूडतोडीच्या कामावर जायचा. ऊन डोक्यावर आलं की सावली बघून बसायचा, मला उघडायचा आणि पहिला घास मुंग्यांसाठी बाजूला ठेवायचा. तिथला मुकादम तोंडाचा फटकळ होता. पण जेवायला बसलेल्या माणसाला तोही हाक मारत नसे. मला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

पुढे आसाराम एका हिवाळ्यात गेला. त्याच्या बायकोने, मंगलीने, मला घासून फळीवर पालथं घातलं. तिथे मी बरीच वर्षं होतो. मग तिचा मुलगा कैलाश शिकला आणि त्याला गोंदियात एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. मंगली त्याच्यासोबत शहरात खोली करून राहायला आली, आणि मी पुन्हा कामावर निघालो.

ही कंपनी दुसऱ्यांना सल्ला देते. एखाद्या धानाच्या गिरणीत काम कसं चालतं ते बघायचं, माणसांना विचारायचं आणि काय बदलावं ते जाडजूड लिहून द्यायचं. त्याला तिथे रिपोर्ट म्हणतात. रेल्वेलाईनला लागून असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. अकरा टेबलं, अकरा कॉम्प्युटर. आम्हा डब्यांची जागा खिडकीत.

माझी कडी जुनी, ढिली झालेली. खालून मालगाडी गेली की माझं झाकण थरथरायचं. खडखड, खडखड. पण तिथे कोणाला ऐकू येत नसे. माना खाली, बोटं चालू.

एक वाजायचा, दोन वाजायचे. मी खिडकीत गार होत जायचो. कोणी उठलं की चंद्रकुमार साहेब काचेच्या खोलीतून नुसतं बघायचे. ओरडायचे नाहीत. त्यांच्याही कानाला सारखा नागपूरच्या मोठ्या ऑफिसचा फोन असायचा आणि त्यांचाही डबा माझ्या शेजारी तसाच पडलेला असायचा. उठलेला माणूस पाणी पिऊन परत बसायचा.

कैलाशच्या शेजारी धनेंद्र बसायचा. बोदलकशाजवळच्या शेतकरी घरातला. तोंडाने मोकळा.

"झिंग्याची चटणी आणली का रे आज? वासानं माह्या दोन ओळी चुकल्या," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचा.

"खाऊन घे ना मंग."

"तू उठ पहिले. तुह्या मागं मी उठतो."

दोघंही उठायचे नाहीत.

संध्याकाळी कैलाश रेल्वे फाटकाजवळ थांबायचा. माझ्यातला भात आणि लाखोळीची डाळ तिथल्या गाईपुढे ठेवायचा. मग मला नळाखाली विसळून घरी न्यायचा. मंगली झाकण उघडून बघायची.

"जेवला?"

"हो माय. भात कमी देत जा. पोट फुगते."

"पोट फुगते म्हणे. अन गाल काऊन बसले मंग?"

तो हसायचा. मी मात्र त्याच्या आईसमोर रोज खोटं बोलत होतो. रिकामा डबा म्हणजे जेवलेला मुलगा, एवढंच तिला ठाऊक होतं.

मंगली माझे वरचे दोनच कप्पे भरायची. खालच्या कप्प्यात कैलाश आपली बारीकसारीक चीजवस्तू ठेवायचा. बसची तिकिटं, सुईदोरा, आणि शेवटच्या महिन्यात ॲसिडिटीच्या गोळ्या. छातीत जळजळ होते, असं तो धनेंद्रला सांगायचा.

त्या दिवशी रिपोर्ट चार वाजेपर्यंत नागपूरला पोचायचा होता. कैलाश सकाळपासून घामाने भिजलेला. पंख्याखाली बसूनही शर्ट पाठीला चिकटला होता. ऑफिसात रजा तोंडी मागायची नाही, लिहून द्यायची, असा नियम होता. त्याने चिठ्ठी लिहिली आणि काचेच्या खोलीत नेली. साहेबांनी लाल पेनाने त्यावर काहीतरी लिहून ती परत दिली.

"पहले रिपोर्ट भेज दो, कैलाश. चार बजे तक की तो बात है. फिर जाओ आराम से."

कैलाश परत आला. उभ्या उभ्याच धनेंद्रच्या टेबलावर हात टेकवून हळू आवाजात म्हणाला, "धनू, माही दोनच पानं राहिली. करतो का? मी दवाखान्यात जाऊन येतो."

धनेंद्रने वर पाहिलं नाही. "माहंच होऊन नाही राहिलं बावा. तुहं कुठून करून देऊ?"

कैलाश खिडकीपाशी आला, मला सुटं केलं. वाटलं, आज तरी जेवतो. पण त्याने ती चिठ्ठी घडी करून खालच्या कप्प्यात ठेवली, एक गोळी घेतली आणि कडी लावली. त्याचा हात गार होता. माझ्याहून गार.

राहिलेली ती दोन पानं गिरणीतल्या मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीवर होती. लिहिताना तो ओठांत पुटपुटायचा. "मजुरांना दुपारी ठरलेल्या वेळी... किमान अर्धा तास..." तेव्हा घड्याळात अडीच वाजून गेले होते. मग पुटपुटणं थांबलं. त्याने टेबलावर डोकं टेकवलं. खालून मालगाडी गेली, मी खडखडलो. कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. तरी बराच वेळ सगळ्यांना वाटलं, झोपला.

त्याला उचलून नेलं. मी खिडकीत राहिलो.

पुढचे आठ दिवस मला कोणी हात लावला नाही. आतला भात आंबला. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मालगाडी गेली, माझं झाकण खडखडलं, की अकरापैकी उरलेली दहा माणसं एकदम मान वर करायची. आधी कैलाशच्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. चंद्रकुमार साहेब एकदा बाहेर येऊन म्हणाले, "उसका डिब्बा अभी तक यहीं है?" आणि माझ्यापासून दोन पावलांवर थांबून परत आत गेले. पुढचे तीन दिवस त्यांनी सगळ्यांना एक वाजता जेवायला उठवलं. चौथ्या दिवशी दीड झाला. मग नागपूरचा फोन आला आणि पुन्हा माना खाली गेल्या.

त्याच दिवसांत एक कागद टेबलाटेबलावर फिरला. कैलाशने तब्येतीबद्दल ऑफिसमध्ये कोणालाही काही सांगितलं नव्हतं, असं त्यात लिहिलेलं. साहेबांनीच वाचून दाखवलं, म्हणून मला कळलं. सगळ्यांनी सही केली. धनेंद्रने पेन दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्यांदा सही केली.

नवव्या दिवशी धनेंद्र मला मागच्या नळावर घेऊन गेला. आतलं सगळं काढून राखेने घासलं. खालचा कप्पा उघडला, तेव्हा चिठ्ठी मिळाली. तो ती हातात धरून नळ चालू ठेवून बसून राहिला. पाणी वाहत होतं. मग त्याने चिठ्ठी होती तशी घडी करून परत खालच्या कप्प्यात ठेवली आणि मला आपल्या गावी नेलं.

त्याच्या आईने मला हातात घेऊन हलवून पाहिलं. "दुसऱ्याचं भांडं असं रिकामं नेतं का कोणी? तेही पोर गेलेल्या बाईच्या घरी?" तिने वरचे दोन कप्पे चिन्नोर तांदळाने भरले. खालचा भरायला गेली, तर धनेंद्रने तिचा हात धरला. "तो राहू दे माय."

आता मी चिचगडला आहे. मंगली गावी परतली आहे. ऊन डोक्यावर आलं की ती मला फळीवरून काढते, पुसते, परत ठेवते. इथे मालगाडी नाही. तरी एखाद्या दुपारी माझं झाकण आपोआप थरथरतं आणि ती दाराकडे बघते.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्याही शेजारी कोणी बसत असेल. त्याचा डबा दुपार टळली तरी बंद दिसला, तर एकदा विचार. मला तोंड असतं, तर मी त्या खिडकीत गप्प बसलो नसतो. आता इथे कसा पोचलो, तेवढं सांगतो आणि थांबतो.

धनेंद्र एसटीने आला. मंगली अंगणात बसली होती. तिने माझ्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. झाकण उघडून तांदूळ पाहिला, थोडा तळहातावर घेतला.

"रिकामा नाही आणला तुनं," ती म्हणाली. मग तळहातावरचा तांदूळ परत माझ्यात सोडला. "साहेबाचा फोन होता. म्हणे, त्यानं कोणालेच सांगितलं नाही. लहानपणी दुखते म्हणे तं मीच रागवत होती त्याले. कायले रडतं, म्हणत होती. माह्याच धाकानं चूप राहिला असंल तो. रोज तेच येते मनात. मीच त्याचं तोंड बंद केलं."

धनेंद्रचा हात माझ्या खालच्या कप्प्याकडे आला. थांबला. मग त्याने तो कप्पा काढला आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"मले कुठं वाचता येते, बापू. तूच वाच."

त्याने वाचली. "सर, मला सकाळपासून बरं वाटत नाही. छातीत दुखत आहे. दवाखान्यात जाण्यासाठी दोन तासांची रजा मिळावी. कैलाश." खालची लाल अक्षरंही वाचली. "काम होने के बाद."

"आखीन एकदा वाच."

त्याने पुन्हा वाचली.

"म्हणजे सांगितलं होतं त्यानं," मंगली म्हणाली. तिचे खांदे खाली आले. तिने चिठ्ठी घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग धनेंद्रकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मुलाची आणखी एखादी गोष्ट मिळेल का, एवढीच भूक होती.

"तू तं बाजूलेच बसत होता ना, बापा? तुले काही म्हणला का तो?"

मी ऐकलं होतं. 'धनू, माही दोनच पानं राहिली. करतो का?' हे मला तोंडपाठ होतं.

धनेंद्र उठला. त्याने माझा खालचा कप्पा नीट बसवला, कडी लावली, लागली की नाही ते दाबून पाहिलं. अंगणाच्या कडेला जाऊन चप्पल घातली. आणि रस्त्याला लागला.