कपाट हलवणारे फौजदार

“दाराला काहीतरी खूण करून ठेव बाई,” वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई मला म्हणाल्या होत्या. “इथं सगळी घरं एकाच साच्यातली. आमचे डॉक्टर दोनदा भलत्याच घरात शिरून, बूट काढून बसले. तुझं पोरगं तर धड बोलत पण नाही. गेलं एखाद्या दिवशी दुसऱ्याच्या घरी, तर?”

मी हसले. “चारूला आकडे वाचता येतात. घराचा नंबर माझ्याआधी त्याला पाठ झालाय.”

“हसून काय राहिली? खरं सांगून राहिली मी.”

हे १९७८ सालचं. आम्हाला चंदीगडला येऊन चारच महिने झाले होते. यजमान सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनियर. आमचा चारुदत्त सात वर्षांचा. मेडिकल इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहून दिला होता, ऑटिझम. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. दोनच पुस्तकं मिळाली, आणि त्यातल्या एकात सगळा दोष आईच्या कोरडेपणावर ठेवलेला. ते पुस्तक परत करून मी घरी आले आणि चारूला इतकं घट्ट धरलं की तो मला कडकडून चावला. तिसऱ्या वर्षापासून त्याला आकडे वाचता येतात, हे मी येईल त्याला सांगायचे. चारचौघांत सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं?

ठरलेलं काही बदललं की चारूचं बिनसायचं. मग तो ओरडायचा, हाताला लागेल ते फेकायचा, मारायचा, स्वतःचं डावं मनगट चावायचा. तिथे घट्टाच पडला होता. मी खोटं कशाला सांगू, दोनदा मीही त्याला न्हाणीघरात कोंडून बाहेर उभी राहिले होते. त्यामुळे शाळेत त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडतात हे कळलं तेव्हा मी कोणत्या तोंडाने बोलणार? मुख्याध्यापिका मिसेस भल्ला वाईट नव्हत्या. एकेका वर्गात बावन्न मुलं. “अजून एकदा झालं तर नाव काढावं लागेल,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दुसरी कुठलीही शाळा त्याला घेणार नव्हती. तीन ठिकाणी मी विचारून आले होते.

नोव्हेंबरात शाळेची रंगसफेदी काढली. चारूचा वर्ग दुसऱ्या खोलीत हलवला. त्याचं बाक तिथे नव्हतं. त्याने शेजारच्या मुलाला कंपासपेटी मारली, त्या मुलाचा ओठ फाटला. पीटीच्या मास्तरांनी चारूला उचलून कोंडलं. तासाभराने शिपायाने पाणी द्यायला दार उघडलं, तर हा त्याच्या काखेखालून निसटला आणि मागच्या फाटकाने बाहेर.

मी त्याला रोज पुढच्या फाटकाने आणायचे. फाटकातून उजवीकडे, दुसरी गल्ली डावीकडे, चौथं घर, नंबर एकशे चौदा. मागच्या फाटकातून तो नेमका तसाच चालला. उजवीकडे, दुसरी गल्ली, डावीकडे, चौथं घर. फक्त ते फाटक पलीकडच्या सेक्टराच्या बाजूला उघडत होतं. तिथेही तशाच सरकारी घरांची रांग, तशीच विटांची जाळी, आणि चौथ्या घरावर काळ्या रंगात एकशे चौदा. चंदीगडात प्रत्येक सेक्टरचे नंबर पहिल्यापासून सुरू होतात. आकडा त्याने बरोबरच वाचला होता.

हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वेळी आमच्या दारात सायकल घेऊन एक हवालदार उभे होते. शाळेचा फोन आणि त्या गल्लीतल्या कुणाचा फोन, दोन्ही एकाच चौकीत आले होते.

“बच्चा मिल गया है, जी. फौजदारसाब बोले, पहले माँ को लाओ.”

मी त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर बसले. लाज वाटायला वेळच नव्हता.

त्या दुसऱ्या एकशे चौदाच्या बाहेर वीसेक माणसं जमली होती. एक जाडजूड गृहस्थ अंगणातल्या चारपाईची दोरी सोडत होते. “पागल है जी, बाँधो और गाडी में डालो.” कुणी म्हणत होतं वेड्यांच्या इस्पितळात टाका. मला वाटलं, आता संपलं सगळं. आज याला बांधून नेलं की शाळा तर गेलीच, पण तो परत माझ्याकडे तरी येतो की नाही कोण जाणे.

आत जमिनीवर डाळ सांडलेली, काचा पसरलेल्या. कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी बाई कपाळाला ओढणी दाबून बसली होती. चारूने फेकलेला पितळी पेला तिच्या भुवईला लागला होता. ओढणी लाल झाली होती. चारू एका मोठ्या लाकडी कपाटावर डोकं आपटत होता. पण आवाज येत नव्हता, कारण डोकं आणि कपाट यांच्यामध्ये कुणीतरी रजई खोचली होती. आणि त्याच्यापासून चार हातांवर एक शीख फौजदार मांडी घालून जमिनीवर बसले होते. दंडुका आणि पट्टा बाहेर काढून ठेवलेला. ते त्याला हात लावत नव्हते, बोलतही नव्हते.

मी धावले तसा त्यांनी हात वर केला. “दौडना मत, बहनजी. हळू या. बसा.”

मी बसले. फौजदारांचं नाव हरदित सिंग. ते हलक्या आवाजात म्हणाले, “पंधरा मिनिटं बघतोय. हा कपाटाला मारत नाहीये, ढकलतोय. आपके घर में यहाँ क्या रखा है?”

मी पहिल्यांदा खोलीकडे नीट पाहिलं. तीच खिडकी, तोच कोनाडा, स्वयंपाकघराचं दार त्याच बाजूला.

“त्याचा पलंग,” मी म्हणाले. “कपाट समोरच्या भिंतीला.”

हरदित सिंगांनी म्हातारीकडे पाहिलं. पंजाबीत वडीलधाऱ्या बाईला बीजी म्हणतात. “बीजी, कपाट हलवू?”

“सोळा वर्षं तिथेच आहे ते,” बीजी म्हणाल्या. “मागून काय काय निघेल!”

“निघू दे.”

“हलव. पण वरची बरणी फुटली तर नवं लोणचं तुझ्या आईने घालून द्यायचं.”

“पक्का.” मग त्यांनी दाराकडे मान वळवली. “ओ रस्सीवाले भाईसाब! ती दोरी ठेवा खाली, आत या, आणि हात लावा. बाकीचे सगळे घरी जा.”

जाडे गृहस्थ गोंधळून आत आले. फौजदार, हवालदार आणि ते, तिघांनी मिळून कपाट सरकवलं. मागून दोन फण्या, एक उलथणं आणि धुळीचा ढीग निघाला. “हाय रब्बा, माझं उलथणं!” बीजी म्हणाल्या. मी सांगत गेले: आतली चारपाई इथे, स्टूल तिकडे, आरसा उलटा करा. चारूचं ओरडणं कमी झालं. मग त्याने स्वतःच दुसरी एक खुर्ची ओढून खिडकीखाली लावली, चारपाईवर भिंतीकडे तोंड करून पडला आणि गुणगुणायला लागला. तेव्हा मला रडू फुटलं.

जाडे गृहस्थ घाम पुसत म्हणाले, “वो सब ठीक है, पण केस तर लिहा.”

“कुणावर?” बीजी कडाडल्या. “तो माझ्या घरात घुसला नाही. तो आपल्या घरी आला होता. त्याचंच घर आम्ही पळवलं, असं वाटलं असेल त्याला!”

हरदित सिंगांनी वहीत तेवढंच लिहिलं की मुलगा सारख्या दिसणाऱ्या घरात चुकून शिरला, आईच्या ताब्यात दिला. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे कुणी असं मूल आहे का?

“नहीं जी. गावी आमचा एक बैल बिथरायचा. घेरला की शिंगं मारायचा, जागा दिली की थांबायचा.” मग ते एकदम संकोचले. “मुलाला बैल म्हटलं, राग मानू नका.”

राग? मी त्यांच्या पायांकडे वाकले, तर ते मागेच सरकले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून माझ्याबरोबर शाळेत आले. “याला कोंडू नका,” ते म्हणाले. मिसेस भल्ला म्हणाल्या, “आणि ज्याचा ओठ फाटला त्याच्या आईला मी काय सांगू?” त्या मुलाच्या घरी मी माफी मागायला गेले होते, त्याच्या वडिलांनी मला बसा म्हटलं नव्हतं. त्यांचंही काय चुकलं?

तोड निघाली ती बीजींकडून. बिनसायच्या आधी चारूचं मनगट तोंडाकडे जातं, हे मी त्यांना सांगितलं होतं. कपाळाला तीन टाके घेऊन त्या मागच्या फाटकातून हळूहळू शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “मनगट तोंडाकडे गेलं की माझ्याकडे पाठवत जा. आयाबरोबर. खोली तशीच ठेवली आहे.”

मिसेस भल्लांनी बराच विचार केला आणि रजिस्टरात नाव राहू दिलं. चारूचं बाक कुणी हलवायचं नाही असंही त्यांनी शिपायाला बजावलं. त्याचं बिनसणं थांबलं असं नाही. पण आया आता मनगटाकडे बघायला शिकली होती. पुढच्या अडीच वर्षांत चारूने शाळेत दोनदाच कुणाला मारलं, आणि कोंडलं त्याला एकदाही नाही. बीजींकडे तो अर्धा तास पडून राहायचा आणि आपणहून उठून आयाबरोबर परत जायचा. त्या त्याच्याशी पंजाबीत बोलायच्या. तो उत्तर द्यायचा नाही, पण त्यांच्या हातचा परांठा खायचा. माझ्या हातचं तो अजून वास घेऊन खातो.

गेल्या वर्षी आमची बदली मद्रासला झाली. इथल्या शाळेत मी पहिल्याच दिवशी हे सगळं सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं. हरदित सिंगांमुळे मला सांगायला काहीतरी होतं.

बीजी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा परदेशी आहे. शेजारची एक मुलगी त्यांच्या वतीने मला दर महिन्याला हिंदीत पत्र लिहायची. दिवाळीपासून पत्र नाही. मी तीन कार्डं टाकली. हरदित सिंगांची बदली झाली आहे, रत्नप्रभाबाईही नागपूरला परतल्या. चंदीगडात आपली मराठी माणसं आहेत, बँकेत, इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठात. हे वाचणारं तिथे कुणी असेल, तर अंकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहा, मी बीजींचा पत्ता लगेच कळवते. एकदा जाऊन त्यांना बघून या. त्यांना कमी ऐकू येतं आणि उठायला वेळ लागतो, म्हणून दोनदा कडी वाजवून परत फिरू नका. जरा थांबा.