मागितली तरी देऊ नका

माझी नात सृष्टी बारा वर्षांची असताना तिच्या अंगात इन्सुलिन तयार व्हायचं बंद झालं. आता ती तेवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, दिवसातून चार वेळा सुई टोचून घेते आणि सुट्टी मिळाली की सायकलला पिशव्या बांधून पावसात डोंगर चढते. याला बाइकपॅकिंग म्हणतात. आमच्या वेळी घर सोडून जाणं म्हणायचे.

यंदा ऑगस्टात ती धाराशिवला आली आणि म्हणाली, "अण्णा, उद्या येडशीच्या घाटातनं येरमाळा, तिथनं डोंगरातल्या आतल्या रस्त्यानं वाशी. वाशीत मुक्काम, परवा परत." एकटीच. आम्ही घरच्यांनी विरोध केला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि टायरमध्ये हवा भरली.

तिच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असते. ती दर पाच मिनिटांनी अंगातली साखर तिच्या फोनला सांगते, तिचा फोन माझ्या फोनला सांगतो. आकड्याशेजारी एक बाण असतो. बाण आडवा असला की मी जेवतो, खाली वळला की ताट सारतो. साखर वाढली तर दुखणं सावकाश येतं. सत्तरच्या खाली गेली तर हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस भांडायला उठतो, आणि तेव्हा तोंडात साखर पडली नाही तर कोसळतो. हे मला अकरा वर्षं पाठ आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलेलं नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. एकोणतीस वर्षं, त्यातली निम्मी वाशीच्या गाडीवर. त्या वाटेवर चहाचं असं आधण नाही ज्याचा मालक मला ओळखत नाही. आणि आमच्याकडं पाहुण्याला 'घ्या' म्हणतात ती विनंती नसते. पोरगी दमून कुठं टेकली की पुढ्यात शिरा, पेढे, पाकासारखा चहा. नको म्हणाली तर "आमचं चालत न्हाय व्हय?" तिला वाटेत वाद नको म्हणून, ती सकाळी निघाल्यावर मी पाच जणांना फोन लावले. पाचवा महांतप्पा. येरमाळ्याच्या पुढं आतल्या रस्त्याला त्याची टपरी आहे.

"महांतप्पा, नात येतीय सायकलवर. तिला शुगर हाय. चहा बिनसाखरेचा द्या."

"येगळं भांडं लावतो, अण्णा. पन हट्ट केला तर?"

"मागितली तरी देऊ नका. लाडात वाढलीय. हसून मागती, ऐकायचं न्हाय."

या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. तेराव्या वर्षी तिनं शेजारणीकडून हसून जिलेबी मिळवली होती आणि मग तीन दिवस दवाखाना झाला होता, एवढाच काय तो आधार. पण सुट्टे पैसे ठेवा, हात बाहेर काढू नका, असं एकोणतीस वर्षं न विचारता सांगितलं की तोंडाला सवय लागते. आणि मला काळजी नव्हती, कारण तिच्या हँडलच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या आणि खजूर मी स्वतः मोजून भरले होते.

वाटेवर ओळखीचं सहावं घर होतं. महांतप्पाच्या पुढं चार किलोमीटरवर, ओढ्यापलीकडं, शेतातली एकटी वस्ती. माझी थोरली बहीण नागूबाई तिथं राहते. तिला फोन केला नाही. चौदा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या पोराच्या लग्नात तिच्या मालकांना आहेरात टॉवेल मिळाला, टोपी संपली होती. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

सकाळ बरी गेली. घाट चढताना आकडा एकशे सत्तरवरून एकशे तीसवर आला, बाण आडवा. अकरा वाजता बाहेर पावसानं जोर धरला. पावणेबाराला एकशे दोन, बाण खाली तिरपा. मग तिचा निरोप आला.

"अण्णा, उतारावर हँडलची पिशवी सुटून नाल्यात गेली. गोळ्या, खजूर सगळं त्यात होतं. इन्सुलिन पाठीवर आहे, नीट आहे. पुढं टपरी दिसतेय, तिथं साखर खाते. काळजी नको."

वाचून मला हायसं वाटलं. पुढं टपरी होती. मग ती टपरी कुणाची ते आठवलं.

महांतप्पाला फोन लावला. तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. सृष्टीला लावला, वाजला, उचलला नाही. आकडा एक्क्याऐंशी, बाण सरळ खाली. पुन्हा महांतप्पा. पुन्हा फोनमधली बाई मला नम्रपणे नंतर प्रयत्न करायला सांगू लागली. बहात्तर. चौसष्ट. मग आकडा गेला आणि तिथं दोन आडव्या रेघा आल्या. तिच्या फोनची रेंज गेली की त्या येतात.

माझी बायको कस्तुराबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "किती हाय?"

"रेघा."

ती पिठाच्या हातानं बाहेर येऊन बसली.

अठराव्या वेळी महांतप्पा लागला. आवाजात समाधान होतं.

"अण्णा, तुमी सांगितल्यापरमानं केलं. लई मागितली. एक कण दिला न्हाय."

"महांतप्पा—"

"बिस्किटाचा पुडा मागितला, त्यो बी गोड म्हणून उचलून ठिवला. भजी देऊ केली. मग चिडली की ओ. टेबलावर हात आपटला, काय बोलली ते बी कळंना. तवा मला पटलं, तुमी म्हनताव तसा हट्टीच हाय स्वभाव."

"कुठंय ती?"

"गेली की. पाव घंटा झाला. पावसातच गेली, सायकल जरा येडीवाकडी चालत हुती."

"महांतप्पा, तिची साखर कमी झालीय. गाडी काढा, साखर घ्या, तिच्या मागं जा."

तो सावकाश म्हणाला, "सकाळी देऊ नका म्हनलाव."

"म्हणलो. जा."

तो गेला. हे त्याचं मोठेपण, मी त्याच्या जागी असतो तर आधी चार शब्द सुनावले असते. दहा मिनिटांनी फोन आला. मागं पाण्याचा आवाज होता.

"अण्णा, वढ्याच्या पुलावरनं पानी चाललंय. गाडी जाईना. चालत बी जमंना."

"मग ती कशी गेली?"

"पानी यायच्या आधी गेली आसंल."

त्या 'आसंल'ला धरून मी वाट आठवत गेलो. ओढ्याच्या अलीकडं ती नव्हती. पलीकडं वाशीपर्यंत माळ, झुडपं आणि एकच वस्ती. मी कस्तुराबाईकडं पाहिलं. तिनं पदराला हात पुसले, आपला फोन उघडला, माझ्यासमोर धरला. त्यात 'नागूवन्सं' होत्या. चौदा वर्षं हिचं दर पंचमीला बोलणं होत होतं आणि मला वाटत होतं सगळं घर अबोला पाळतंय.

फोन दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोल कस्तुरा."

"आक्का, मी व्यंकट."

"कोन व्यंकट?"

"आक्का, माझी नात—"

"हाय हितं."

मी फोन कस्तुराबाईलाही ऐकू येईल असा धरला.

"सायकलसगट दारातल्या चिखलात पडली," आक्का सांगू लागली. घाई तिला कधीच नव्हती. "उठवली तर नुसतं 'साखर, साखर'. कुनाची, कुठली, म्या काय इचारलं न्हाय. मानूस साखर मागतंय म्हनल्यावर द्यावी. पानी करून पाजलं, गुळाचा खडा तोंडात दिला. आता बसलीय पोतं पांघरून. दात वाजतेत, पन बोलतीय."

"शुद्धीवर हाय?"

"मला आक्काआजी म्हनतीय. शुद्धीवरच आसंल." मग म्हणाली, "वाटंवर समद्यांला फोन केलतास म्हनं. पोरीनं सांगितलं."

"केला."

"मला न्हाय केलास."

"न्हाय केला."

"बरं झालं," आक्का म्हणाली.

तिनं फोन सृष्टीला दिला. आवाज थकलेला होता.

"अण्णा, त्या टपरीवाल्या काकांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. शेवटच्या वाक्यासकट.

"मी हसून नव्हती मागितली," ती म्हणाली.

"व्हय. कळलं मला."

"पुन्हा माझ्या आधी माझ्याबद्दल फोन करायचा नाही. सांगायचं ते मी सांगेन."

"न्हाय करणार."

मग फोन परत आक्काकडं गेला. "पानी उतरंपर्यंत पोरगी हितंच ऱ्हाईल. परवा न्यायला तू ये. येताना टोपी आन. ह्यांचा टॉवेल अजून तसाच घडी करून ठिवलाय."

चार वाजता माझ्या फोनवरच्या रेघा गेल्या आणि आकडा आला. एकशे अठरा, बाण वर. मी पाणी प्यालो. साडेचारला एकशे एक्क्याण्णव. पाचला दोनशे छप्पन्न, बाण सरळ वर. आक्काचा आग्रह सुरू झाला होता. माझ्या डोळ्यासमोर ताट दिसत होतं, त्यात काय काय होतं तेही दिसत होतं. इन्सुलिन तिच्या पाठीवर होतं. टोचायला ती विसरेल, भिजलं असेल, आक्का 'जेवताना सुई कसली' म्हणत असेल.

मी फोन उचलला.

"कुनाला करताव?" कस्तुराबाईनं विचारलं.

दोनशे त्र्याहत्तर.

"कुणाला न्हाय," मी म्हणालो, फोन उशीखाली घातला, आणि छत्री घेऊन टोपी बघायला बाजारात गेलो. दोनदा चौकातून फोनसाठी परत फिरलो, तिसऱ्यांदा दुकानापर्यंत पोचलो.