पेत्राईच्या यादीतलं एक नाव

नाउसोन आणि मी एकाच वर्षी आमच्या गावच्या, अथेन्सजवळच्या पेत्राईच्या, नागरिकांच्या यादीत चढलो. अठरा वर्षांचे झालो, तेव्हा पेत्राईच्या पुरुषांनी आम्हा दोघांना पुढ्यात उभं केलं आणि हे आपलेच, असं ठरवलं. नंतरची दोन वर्षं सरहद्दीच्या ठाण्यावर आम्ही एका घोंगडीत थंडी काढली. त्याचं अंजिरांचं रान माझ्या रानाला लागूनच होतं. मधल्या दगडी बांधावर बसून आम्ही दुपारची जवाची भाकरी खायचो. कांदा कधी त्याचा, कधी माझा.

नाउसोनला एकच खोड होती. सभेत त्याला गप्प बसता यायचं नाही.

हेराक्लेसच्या राईतले चार जुने ओक एका हिवाळ्यात नाहीसे झाले. त्याच वसंतात गावप्रमुख दिओकारेसच्या नव्या घरावर लांबलचक तुळया चढल्या. तुळया सगळ्यांनी पाहिल्या होत्या. सभेत उठला तो एकटा नाउसोन.

"देवाच्या राईतली झाडं कुठे गेली, दिओकारेस? पाय फुटले का त्यांना? की तुमच्या छपरावर चढून बसलीत?"

लोक खो-खो हसले. दिओकारेससुद्धा हसला. मी नाउसोनच्या शेजारी बसलो होतो. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी अथेन्सच्या मोठ्या सभेनं ठराव केला. आई आणि बाप दोन्ही अथेन्सचे असतील तोच आपला; याद्यांमध्ये परके घुसलेत, तेव्हा प्रत्येक गावानं आपली यादी नावागणिक तपासावी. ज्याचं नाव उडेल, त्यानं परका म्हणून राहावं, जमीन सोडावी. ज्याला हे मान्य नसेल, त्यानं अथेन्सच्या कोर्टात जावं. पण तिथेही हरला, तर नगर त्याला गुलाम म्हणून विकेल.

यादी तपासायच्या गावसभेच्या आदल्या दिवशी झऱ्यावर दिओकारेस भेटला. माझ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "थिओफोन, तुझ्या आईची आई कुठली रे?"

"ओइनोईची. सरहद्दीवरची."

"बोलायची मात्र सरहद्दीपलीकडच्या मेगारावाल्यांसारखी. लोक म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"अजून तरी कोणी नाही," तो म्हणाला. "उद्या यादी मीच वाचणार आहे. चल, येतो."

आजी मेगाराची नव्हतीच. पण ते सांगायला आता जिवंत होतं कोण?

माझं नाव सकाळीच पुकारलं गेलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. नाउसोनचं नाव दुपारी आलं.

"याची आई लेम्नोस बेटावरची," दिओकारेस म्हणाला. "तिथलीच बाई असणार. बापानं इथे आणून आपली म्हणून खपवली."

"ती अथेन्सच्या शिपायाची मुलगी," नाउसोन म्हणाला. "नगरानं तिथे जमीन देऊन वसवलेल्या शिपायाची."

मागून कोणीतरी ओरडलं, "तिथली शेळीपण स्वतःला अथेन्सची म्हणते!" सगळे हसले.

नाउसोन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा अगदी निर्धास्त होता. "थिओफोनचे वडील तिथे पहाऱ्यावर होते. माझ्या आईबापाच्या लग्नात जेवलेत ते. सांग रे त्यांना."

वडिलांनी ते लग्न मला वीसदा सांगितलं होतं. पानात पडलेला आठपायी मासा कसा चिवट होता, नवरीच्या बापाचा एक हात लढाईत कसा गेला होता, तो अथेन्समधल्या कोणत्या गल्लीत वाढला होता, सगळं सगळं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आमचे वडील... फारसं बोलायचे नाहीत," मी म्हणालो.

दोघातिघांना हसू फुटलं. वडिलांची बडबड साऱ्या गावाला माहीत होती.

मग खडे वाटले. प्रत्येकाला एक पांढरा, एक काळा. पांढरा म्हणजे नाव राहू दे, काळा म्हणजे उडवा. ज्याला जो हवा तो खडा मुठीत झाकून एका रांजणात टाकायचा, उरलेला दुसऱ्यात. रांजणांची तोंडं अरुंद होती, आतलं कोणाला काही दिसत नव्हतं. मी काळा टाकला. का टाकला, ते आजही मला सांगता येत नाही. पांढरा टाकला असता तरी कोणाला कळलं नसतं. मोजणी झाली तेव्हा काळे चव्वेचाळीस निघाले आणि पांढरे एकवीस. माझ्या एका खड्यानं काही बदललं नसतं, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. त्याचा उपयोग होत नाही.

दोन दिवसांत नाउसोनची मुलगी फिलिन्ना हिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिसऱ्या दिवशी नाउसोनची बायको आर्किप्पे आमच्या दारात आली.

"भावजी, तुम्हीच सांगा त्यांना. पिरेयस बंदरात एखादी खोली घेऊ. परके तर परके. मी लोकर कातीन. पण कोर्टाचं नाव काढू नका म्हणावं."

मी बांधावर गेलो. नाउसोन अंजिराची फांदी छाटत होता. ते रान आता चार दिवसांपुरतं त्याचं होतं, तरी.

"वहिनी म्हणतात ते खोटं नाही," मी म्हणालो. "जीव तर वाचेल."

"परका म्हणून राहायचं म्हणजे माझी आई खोटी होती, असं मीच कबूल करायचं. मुलीनं ते कबूल करायचं. तिच्या मुलांनी करायचं." त्यानं कोयता बांधावर ठेवला. "आणि तू आहेस ना. त्या दिवशी गडबडलास. इतक्या लोकांपुढे होतं तसं. एकवीस पांढरे पडले, त्यातला एक कोणाचा ते काय मला ठाऊक नाही?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाउसोन, माझ्या भरवशावर जाऊ नकोस, एवढे शब्द. तो गेला नसता. ते शब्द माझ्या तोंडात होते.

"येईन साक्षीला," मी म्हणालो.

कोर्टात पाचशे एक माणसं न्याय करायला बसली होती. माझी साक्ष आधीच लिहून मडक्यात सीलबंद केलेली होती. कारकुनानं ती वाचायची आणि मी चौथऱ्यावर उभं राहून ती खरी असल्याचं मान्य करायचं, एवढंच काम. नाही म्हणायचं असेल तर देवापुढे शपथ घ्यायची, की मला यातलं काही माहीत नाही.

नाउसोन चांगला बोलला. राईतल्या झाडांचंही बोलला. मागच्या बाकांवरून कोणीतरी त्याला शाबास म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, हा जिंकतोय. मग माझं नाव पुकारलं. कारकुनानं साक्ष वाचली. मासा, नवरीचा एका हाताचा बाप, सगळं त्यात होतं, मीच लिहून दिलेलं. समोर दिओकारेस बसला होता. तो माझ्याकडे पाहतही नव्हता. शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होता, आणि मला 'मेगारा' एवढाच शब्द ऐकू आला. ऐकू आला की मला भास झाला, कोण जाणे.

मी वेदीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मला यातलं काही माहीत नाही."

"थिओफोन?" नाउसोन म्हणाला. रागानं नव्हे. बांधापलीकडून हाक मारायचा तशी हाक मारली.

मी चौथऱ्यावरून उतरलो.

तो मोठ्या फरकानं हरला. त्याला तिथूनच नेलं. खिओस बेटावरच्या एका व्यापाऱ्यानं त्याला विकत घेतलं, असं नंतर कळलं. मी बंदरावर गेलो नाही. त्याचं रान लिलावात निघालं, दिओकारेसच्या चुलतभावानं घेतलं. आर्किप्पेला तिच्या भावानं घरात घेतलं, पण परक्याची मुलगी ठेवून घ्यायला तो तयार नव्हता. फिलिन्ना पिरेयसला गेली. तिथे कोणाकडे आहे, काय करते, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

वर्षभरानं नवऱ्याच्या आईबापांच्या थडग्यांवर तेल घालायला आर्किप्पे पेत्राईला आली. मी झऱ्यावर बैलाला पाणी पाजत होतो. तिनं घागर भरली. मी बाजूला झालो.

"तुमचं नाव राहिलं ना यादीत?" तिनं विचारलं. भावजी म्हणाली नाही.

"राहिलं."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि थडग्यांकडे चालू लागली. घागर उचलून द्यायला मी पुढे झालो होतो, पण ते तिनं पाहिलं नाही.