उर्सुलाबाईंचा फिका चहा

“ट्रिंकन झी टे मिट त्सुकर?”

चहात साखर घालू का, एवढंच प्रांजलला विचारायचं होतं. पण जर्मनमध्ये, सगळ्यांदेखत. पैज मैत्रिणींनी लावली होती आणि आता त्याच दाराआडून खिदळत होत्या.

घोंगडी कशी विणतात ते बघायला प्रांजलच्या वडूजच्या घरी आलेल्या उर्सुलाबाई आधी चकित झाल्या, मग खुदकन हसल्या. “ओने, बिट्टे!”

“आई, बिनसाखरेचा!” प्रांजल ओरडली. चार महिने मोबाईलवर घोकलेलं जर्मन खऱ्या जर्मन माणसाला कळलं होतं!

साखरेचा डबा आईच्या हातातच राहिला. “पावण्याला फिका च्या? येडी हायस का? नीट ऐकलंस न्हाई तू.”

“ऐकलंय! साखर घातलीस तर बघ.”

“चुकली असशील तर मोबाईल आजपास्नं बंद,” आप्पांनी बजावलं.

फिका चहा गेला. बाईंनी घोट घेतला, मान डोलावली, सगळा कप संपवला आणि पुढं केला. “नोख आइनन, बिट्टे!”

“आणखी एक मागत्यात!” प्रांजलनं उडीच मारली. दाराआडून शिट्टी आली.

कप भरता भरता ती म्हणाली, “आई, आप्पा, आवं ऐका. अकरावीला मी सांगलीला जाणार. जिथं जर्मन शिकवतात, त्याच कॉलेजात नाव घालणार. ठरलं माझं!”