जळकोटच्या महादेवीबाईंची पहिली गाडी

मित्रांनो, तेरा वर्षं म्हणजे माणसाचं शाळकरी वय. गाडीचं मात्र तिथून म्हातारपण सुरू होतं. मी अशीच एक तेरा वर्षांची, फिकट निळ्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. माझ्या उजव्या दारावर एक पोचा आहे. मागची एक काच अर्धीच खाली जाते. माझा एसी थंडीच्या दिवसांत उत्तम चालतो. तरीही मी सुखी आहे, आणि का ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. माझ्यासारख्या शेकडो बहिणी एका रांगेत तयार झाल्या आणि लांबलचक ट्रकवर बसून गावोगाव गेल्या. मी नांदेडला उतरले. हिमायतनगरचे प्रीतम सर मला घ्यायला आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या घरात चारचाकी कधी आली नव्हती. त्यांच्या आई भामाबाई जन्मभर पायी चाललेल्या. पहिल्यांदा माझ्यात बसताना त्यांनी देवघरात शिरावं तशा चपला बाहेर काढल्या. नांदेडला पोचून दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, चपला हिमायतनगरलाच राहिल्या. त्या दिवशी नांदेडच्या बाजारात पहिली खरेदी चपलांची झाली.

प्रीतम सरांनी मला बारा वर्षं नीट वागवलं. तेल वेळेवर बदललं, टायरची हवा स्वतः तपासली. त्यांची मुलगी लुंबिनी माझ्या मागच्या सीटवर झोपत झोपत मोठी झाली आणि पुण्याला शिकायला गेली. मग घरात नवी, मोठी गाडी आली. दारात दोघींना जागा नव्हती. सर मला नांदेडला जुन्या गाड्यांच्या एका आवारात सोडून गेले. जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं, एवढं मला आठवतं.

आवारात मी आठ महिने उभी होते. पुढच्या रांगेतल्या गाड्यांना रोज पुसलं जाई, मी भिंतीकडे होते. बॅटरी उतरली, काचेवर धूळ बसली. माझ्याखाली एक कुत्री झोपायची, तेवढीच सोबत. गिऱ्हाइकं यायची, माझ्या दारावरचा पोचा बघायची आणि पुढं जायची. आपलं काम संपलं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी महादेवीबाई आल्या.

त्या जळकोटला शिवणकाम करतात. वय अठ्ठेचाळीस. त्यांच्याबद्दल पुढं जे सांगते ते मला नंतर, प्रवासातल्या बोलण्यांतून कळलं. त्यांचे यजमान वैजनाथराव सव्वीस वर्षं एसटीत चालक होते. रात्री-अपरात्री, धुक्यात, पावसात त्यांनी बस चालवली आणि एकाही माणसाला खरचटू दिलं नाही. मग डोळ्यांत काचबिंदू उतरला. डाव्या डोळ्यानं दिसायचं थांबलं, उजव्याला समोरचं थोडं, नळीतून पाहावं तसं दिसायचं. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दर दोन महिन्यांनी डोळ्यातला दाब तपासायचा, नाहीतर उरलेलंही जाईल.

वैजनाथराव दोन तारखांना गेलेच नाहीत. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण महादेवीबाईंना ते ठाऊक होतं. लातूरला जायचं म्हणजे एसटीनं जायचं. स्टँडवर जुने सोबती भेटायचे, प्रेमानं हाताला धरून बसमध्ये चढवायचे, बसलेल्या माणसाला उठवून जागा करून द्यायचे. ज्या दारातून हा माणूस सव्वीस वर्षं उडी मारून चढला, तिथं आता त्याला चढवलं जात होतं. ते त्यांना सोसवत नव्हतं. दरवेळी ते म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू."

महादेवीबाईंनी वाद घातला नाही. त्या गुपचूप उदगीरच्या ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागल्या. तिथं शिकवणाऱ्या रत्नम्मा देगलूरकडच्या. मराठीत तेलुगू मिसळून बोलायच्या आणि चुकलं की स्टिअरिंगवर टिचकी मारायच्या. तीन महिन्यांनी महादेवीबाईंच्या हातात पक्का परवाना आला. तो त्यांनी वैजनाथरावांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय हाय?"

"माझं लायसन. आता गाडी घ्यायची. जुनी, स्वस्त, पर दगा न देणारी. मला इंजिनातलं काय कळतंय? तुमी चला. तुमी नुसतं ऐका, बाकीचं मी बघते."

वैजनाथराव बराच वेळ त्या कार्डावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "सकाळी लौकर निघावं लागंल. इंजिन थंड असताना बघायचं असतंय."

असे ते तिघं रत्नम्मांच्या गाडीतून नांदेडला आले. आवाराच्या मालकानं त्यांना सरळ पुढच्या रांगेतल्या चंदेरी गाडीकडं नेलं. ती आरशासारखी चमकत होती. "मावशी, ही डोळे झाकून घ्या," तो म्हणाला, आणि मग वैजनाथरावांकडं बघून गप्प झाला.

वैजनाथराव हसले. "माझे झाकलेलेच हायत. चालू कर."

त्यांनी आधी बोनेटवर तळवा ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. चालू झाल्यावर मान तिरकी करून ऐकलं. मागं जाऊन धुराचा वास घेतला. वाकून चारही टायरांवरून हात फिरवला. "आवाज लई चांगलाय," ते म्हणाले. "हीच घेऊ."

मी भिंतीकडून हे सगळं बघत होते. मला त्या चंदेरीचं दुखणं माहीत होतं, पण आम्हा गाड्यांना तोंड कुठं असतं?

महादेवीबाई आत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष इंजिनाकडं नव्हतंच, त्या सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या. "कव्हर नवं हाय," त्या म्हणाल्या, "दोरा अजून मळलासुदीक न्हाई. चार वर्षांच्या गाडीचं सगळं कव्हर कशापायी बदललं असंल?" मग त्यांनी सीटचा पट्टा ओढला. नेहमी आत गुंडाळलेला असतो तो शेवटचा भागसुद्धा बाहेर येईपर्यंत ओढला. त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. ही गाडी कुठल्यातरी पुरात बुडाली होती.

मालकानं मान खाली घातली. "मलाबी कुणीतरी अशीच गळ्यात मारली," तो म्हणाला.

वैजनाथरावांचा चेहरा उतरला. आपला कान चुकला, हे त्यांना लागलं होतं. महादेवीबाई गाडीतून उतरून त्यांच्याजवळ गेल्या. "आवाज चांगलाच हाय की तिचा. तुमी खोटं न्हाई बोल्लाव. पर पाण्यात बसलेल्या गाडीची वायरिंग कवा दगा दील, सांगता येत न्हाई."

त्यानंतर त्या एकेका गाडीपाशी थांबत भिंतीपर्यंत आल्या. माझा पोचा त्यांनी पाहिला आणि त्या पुढं गेल्या नाहीत. पट्टा ओढला, कोरडा आणि स्वच्छ निघाला. सीटवर लुंबिनीनं सांडलेल्या शाईचा डाग होता, त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यांनी डागसुदीक लपवला न्हाई." दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून मला चालू केलं. आठ महिन्यांनी माझ्या पोटात धग आली. दोनदा खोकले आणि मग सुरात लागले. वैजनाथराव ऐकत राहिले.

"हिचा आवाज तिच्याएवढा मऊ न्हाई," शेवटी ते म्हणाले. "पर एकसारखा हाय."

कागदांवर सही करायला प्रीतम सर हिमायतनगरहून आले. पैसे हातात पडण्याआधीच त्यांनी माझ्या सगळ्या खोडी सांगून टाकल्या. "मागची काच अर्धी जाते. सकाळी दुसरा गियर अडतो, जोर करू नका. आणि ताई, हँडब्रेक सैल झालाय, आधी तो आवळून घ्या." मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वैजनाथरावांनी मात्र अंदाजानं हात पुढं केला आणि सरांचा हात घट्ट धरला. "गुरुजी, आता घेतोच," ते म्हणाले.

रत्नम्मांनी मला जळकोटपर्यंत चालवत आणलं. दुसऱ्याच दिवशी वैजनाथरावांनी मिस्त्री बोलावून हँडब्रेक आवळून घेतला आणि स्वतः तीनदा ओढून पाहिला. महादेवीबाई रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव करू लागल्या. वैजनाथराव सोबत यायचे, पण मागच्या सीटवर बसायचे. "पुढं बसलो की पाय ब्रेक शोधतोय," म्हणायचे. मागं ते गप्प असायचे, पण गियर चुकला की त्यांचा श्वास अडकलेला मला जाणवायचा. तो महादेवीबाईंनाही जाणवायचा, आणि पुढचा गियर हमखास चुकायचा.

लातूरची तारीख आली. अकराची वेळ होती. आम्ही सकाळी सातला निघालो. उदगीरच्या अलीकडं एका चढावर रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता खोदलेला, एका बाजूनंच वाहनं सोडत होते. आम्हाला ऐन चढावर थांबावं लागलं. मागं एक एसटी येऊन उभी राहिली.

समोरच्या माणसानं हिरवा झेंडा दाखवला. महादेवीबाईंनी क्लच सोडला, मी धक्का खाऊन बंद पडले. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी वीतभर मागं घसरले आणि एसटीचा हॉर्न वाजला. त्यामागं आणखी चार हॉर्न वाजले. महादेवीबाईंचा पाय क्लचवर शिलाई मशीनसारखा थडथडत होता.

एसटीचा चालक खाली उतरून खिडकीशी आला. "वैनी? तुमी?" तो किशनराव, वैजनाथरावांचा पंधरा वर्षांचा सोबती. "सरका तिकडं. मी दोन मिनिटांत वर काढून देतो." तेवढ्यात त्याला मागची सीट दिसली. "वैजनाथ?"

वैजनाथरावांनी मान पलीकडच्या खिडकीकडं वळवली होती. जी भेट टाळण्यासाठी त्यांनी दोन तारखा चुकवल्या होत्या, तीच भेट चढावर येऊन उभी राहिली होती. महादेवीबाईंचा हात दाराच्या खटक्याकडं गेला. मला वाटलं, आता त्या उतरणार. आणि आज उतरल्या तर पुन्हा कधी या जागेवर बसणार नाहीत.

मागचं दार उघडलं. वैजनाथराव उतरले, माझ्या अंगावर हात ठेवत ठेवत पुढच्या दारापर्यंत आले आणि महादेवीबाईंच्या शेजारी बसले.

"किशनराव," ते म्हणाले, "मागच्यांना जरा थांबव. ती काढते वर."

मग त्यांचा आवाज बदलला. नव्या चालकांना शिकवताना असायचा तोच तो आवाज असणार. "महादेवी, हँडब्रेक वढ. वढलास? आता ब्रेकवरचा पाय काढ. भ्यू नको, गाडी कुठं जात न्हाई, मी आवळून घेतलाय. चालू कर. पहिला गियर. थोडी रेस दे. क्लच एकदम सोडू नको, हळूहळू वर येऊ दे. गाडी नाक उचलंल, ते तुला पायाला कळंल. कळलं?"

"हाव."

"आता हँडब्रेक खाली."

मित्रांनो, मी जन्मात एवढं मन लावून कधी जोर केला नसेल. मी थरथरले, नाक उचललं आणि एक बोटही मागं न घसरता चढ चढून वर गेले. मागं किशनरावांनी एसटीचा हॉर्न एकदाच, लांब वाजवला. तो रागाचा नव्हता.

महादेवीबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं. वैजनाथराव समोर बघत म्हणाले, "दुसरा टाक आता. किती वेळ पहिल्यावरच ठिवशील?"

आम्ही पावणेअकराला लातूरला पोचलो. डोळ्यातला दाब फार वाढला होता. डॉक्टरांनी थेंब बदलले, त्याच आठवड्यात लेझर केलं. आणखी एक तारीख चुकली असती तर काही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. या गोष्टीला आता आठ महिने झाले. वैजनाथरावांना गेलेलं परत मिळालं नाही, पण उरलेलं तेवढंच टिकून आहे. त्यानंतर एकही तारीख चुकलेली नाही. येताना आम्ही उदगीरच्या स्टँडसमोर थांबतो. वैजनाथराव सोबत्यांबरोबर चहा पितात, आणि कुणी हात धरला तर धरू देतात.

मी पुढच्या रांगेत नव्हते, तरी कुणीतरी माझ्यापर्यंत चालत आलं. दर महिन्याला माझं तेल-पाणी बघितलं जातं. म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. पहिली गाडी घ्यायला जाल तेव्हा चकाकी बघून घाई करू नका. पट्टा पूर्ण ओढा, इंजिन थंड असताना ऐका आणि खोडी सांगणाऱ्या माणसाचं ऐकून घ्या. आणि एकदा घरी आणलीत की तिला विसरू नका. आम्ही थोड्याशा काळजीवर पुष्कळ वर्षं चालतो.

रोज सकाळी वैजनाथराव ब्लाउजच्या कापडाचे उरलेले तुकडे घेऊन माझी पुढची काच पुसतात. मन लावून, वरपासून खालपर्यंत. डाव्या बाजूचा खालचा कोपरा त्यांना दिसत नाही, तिथली धूळ तशीच राहते. "झाली का साफ?" ते विचारतात. "झाली की," महादेवीबाई म्हणतात. आणि ते मला वळसा घालून आपल्या दारापर्यंत येईतो, त्या पदराच्या टोकानं तेवढा कोपरा पुसून घेतात.