जवळच्या नात्यातली नाही

पुंजारामने शिक्का शाईच्या पॅडवर दाबला, तेवढ्यात उमाने कागदावर तळहात ठेवला.

"आधी वाचा."

"त्यात काय वाचायचं? वर्तणुकीचा दाखला. आजवर शंभर दिले आसतील."

"शंभरातली मी नाय. वाचा."

पाचोडचा बाजार होता, सगळं गाव तिकडे गेलं होतं. ग्रामपंचायतीचा शिपाई फकिराही गेला होता, म्हणून कार्यालय सरपंच असलेल्या पुंजारामनेच उघडलं होतं. उद्या पहाटे उमाला सैन्यभरतीसाठी छावणीत हजर व्हायचं होतं. सरपंचाच्या सहीचा दाखला नसेल तर फाटकातूनच परत पाठवणार होते.

पुंजारामने चष्मा लावला. 'कुमारी उमा बद्रीनाथ हिला मी व्यक्तिशः ओळखतो. वर्तणूक चांगली आहे. ती माझ्या जवळच्या नात्यातली नाही.'

उमा त्याची सख्खी मुलगी होती, दोन मुलांनंतरची तिसरी. तिसरं अपत्य झालं की पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. लोकसंख्या आटोक्यात यावी म्हणून सरकारने कायदा केला आणि पुंजारामने ती कागदावर आटोक्यात आणली. दवाखान्यातच बापाच्या रकान्यात भावकीतल्या लांबच्या बद्रीनाथाचं नाव लागलं. वाढली ती पुंजारामच्याच घरात. घरात आबा म्हणायची, चारचौघांत काका. सातवीत झेंडावंदनाला सगळ्यांसमोर तोंडून 'आबा' निघून गेलं, तर घरी आल्यावर थोबाडीत बसली होती. आणि हाच माणूस दर जुलैत लोकसंख्या दिनाला लाउडस्पीकरवरून सांगायचा, की लोकसंख्या आवरली नाही तर देश पोसायचा कसा आणि राखायचा कसा. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"ही शेवटची ओळ खोडा आन मग सही करा," उमा म्हणाली.

"खाडाखोड केलेला दाखला तिथं चालतो व्हय? भरती जाईल तुझी."

"जाऊ द्या. दोन वर्षं पहाटं उठून पळाले मी. काय जाईल ते मला कळतंय."

"आन माझी खुर्ची?"

बोलून गेल्यावर पुंजाराम उगाच खोकला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "लोक टपूनच बसलेत, उमे. एवढी टर्म सरू दे. मग नाव बदलून टाकू."

"मागल्या टर्मलाबी हेच बोलला व्हता."

पुंजारामने शिक्का पुन्हा पॅडवर दाबला. उमाला त्याचीच जास्त चीड आली.

"देशाच्या सीमेवर मरायला मी चालते," ती म्हणाली, "तुमच्या रेशनकार्डावर नाय चालत."

पुंजारामने पेन उचललं. पेनचं टोक शेवटच्या ओळीवर येऊन टेकलं. उमा कागदाकडे बघत राहिली. तेवढ्या वेळापुरता तिचा राग उतरला, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग पेन खाली सरकलं आणि पुंजारामने नेहमीची लफ्फेदार सही केली.

शिक्का उमानेच उचलला आणि इतक्या जोरात मारला की टेबलावरचा तांब्या हलला. शाई वाळेपर्यंत ती थांबली. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि उंबऱ्यापाशी गेली.

"येते, काका."

कोण ऐकतंय म्हणून पुंजारामने सवयीने बाहेर पाहिलं. बाहेर कोणीच नव्हतं.