साठावर येईपर्यंत

त्या मानेचं टोक इतकं निमुळतं होतं की आनंदीबाईंना वाटलं, यातून पाणी यायचंच नाही; आलं तरी अडखळत येईल, दुखऱ्या घशातून शब्द येतो तसं... काळ्या किटलीची ती मान पोटाच्या अगदी तळातून निघाली होती, आधी जराशी बाहेर, मग सरळ वर, आणि टोकाशी पुन्हा पुढे वाकलेली — नमस्काराला वाकता वाकता कुणी मध्येच थांबून राहावं तशी. त्यांनी बोट लावलं. गार होती. किटली गार असू शकते हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. घरातली ॲल्युमिनियमची किटली फडक्याशिवाय धरली, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

"मावशी, ती कॉफीवाल्यांची," गल्ल्यामागून भावेश म्हणाला. भिवंडीच्या बाजारातलं हे भांड्यांचं दुकान त्याच्या बापाचं. आनंदीबाईंच्या लेकीच्या, दिपालीच्या लग्नातली पातेली इथूनच गेलेली. "तुमच्या वडप्याच्या गोडाउनमधली ऑफिसवाली पोरं नेतात. तू ही बघ, रुंद तोंडाची. बटण दाब, दोन मिनिटांत खळाखळा."

"खळाखळा न्हाय पायजे मना."

"मग किटली कशाला घेतेस? माठ घे ना!"

"साठ डिग्रीचा चहा पायजे," आनंदीबाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून निघालेला तो आकडा त्यांना परका वाटला, देवळात कुणीतरी इंग्रजी बोलल्यासारखा.

"साठ? चहा प्यायचाय का नातवाला आंघोळ घालायचीय?"

त्या हसल्या नाहीत. भावेशनं मग मान वर करून नीट पाहिलं आणि विचारलं, "बुवा कसे हायत?"

बुवा... बुवा बरे आहेत. घशातली गाठ काढली, साधी निघाली, वाईट नव्हती. बाहेरून गळ्यावर एक ओरखडासुद्धा नाही — आत जाऊन, आतलं काढून, आतल्या आत शिवून माणसं बाहेर येतात, हे एक नवलच. तीन आठवडे मौन सांगितलंय, आणि चहा साठ डिग्रीच्या वर नाही. परवा सोमवारी मौन सुटेल, तेव्हा पहिला शब्द काढून बघायचा. आवाज येईल का, असं आनंदीबाईंनी विचारलं होतं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बघू. बावीस वर्षं चैत्रातल्या सप्ताहात एकादशीचं कीर्तन त्यांच्या नवऱ्याचं, केसरीनाथबुवांचं; मृदंग थांबला, टाळ थांबले तरी मंडपाच्या कनातीत थरथरत राहायचा तो आवाज — आणि त्याच्यासाठी एक शब्द, बघू.

पण त्यांना खुपत होता तो हा शब्द नव्हता. त्याच्या आधीचा एक प्रश्न होता. गाठ काढायच्या आधी, पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी सहज लिहिता लिहिता विचारलं होतं, "चहा कसा पितात?" आणि आनंदीबाईंनी — बुवांनी नाही, त्यांनीच — पदर सावरून मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "उकळता. चुलीवरून ओठावर. डोल्यातून पाणी येल असा. एवढासा निवला तरी चालत न्हाय त्यांना." डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. क्षणभरच. मग ते म्हणाले, तसं काही एक कारण सांगता येत नाही. जोरात गाण्यानंही होतं, फार गरम पिण्यानंही होतं, काही नसताना पण होतं... पण पेन थांबलं होतं ना. ते मी पाहिलं. माझ्या शब्दावर थांबलं.

"साठला चहा होत नाही, मावशी," भावेश सांगत होता. त्यानं लांब मानेची किटली त्यांच्यासमोर काचेवर ठेवली, शेजारी एक जाळीची गाळणी, एक जाड पांढरा कप, आणि एक पोलादी सुई — वरच्या टोकाला लहानसं घड्याळाचं तोंड असलेली. "पाणी नव्वदपर्यंत न्यायचं. पानं गाळणीत. वरून पाणी. तीन मिनिटं. उकळायचं नाही काही."

"चा उकलायचाच न्हाय?"

"भिजवायचा. तांदूळ भिजवतेस ना, तसा."

"आनि साठ कधी होतं मंग?"

"थांबलं की होतं," भावेश म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पलीकडे वळला.

थांबलं की होतं. एवढंच...

लग्न होऊन वडप्याला आल्या तेव्हा बुवा बुवा नव्हते, लूमवर होते. शांतीनगरच्या एका शेडमध्ये आठ लूम एकटे बघायचे. दिवसाच्या ड्युटीला त्या किटली घेऊन जायच्या — घरून नव्हे, शेडच्या तोंडाशी एका ओळखीच्या बाईची चूल होती, तिथे उकळून. लूम सोडता यायचा नाही. एक धागा तुटला आणि दिसला नाही की हातभर कापड वाया. दारातून आनंदीबाई ग्लास पुढे करायच्या आणि दोन धाग्यांच्या मधल्या तेवढ्याशा फटीत बुवा तो घशात ओतायचे, फुंकर न घालता, कारण फुंकर घालायला वेळ लागतो. सगळेच तसे प्यायचे. निवलेला चहा म्हणजे उशिरा आणलेला चहा, आणि उशिरा आणणारी बाई... म्हणून त्या पळायच्या. चुलीपासून दारापर्यंत पळायच्या. पुढे लूम सुटला, कीर्तन आलं, गावोगावच्या सुपाऱ्या आल्या — तरी पळणं तसंच राहिलं. व्यासपीठावर चढायच्या आधी एक ग्लास, उकळता. बायका म्हणायच्या, आनंदीची सेवा बघा. आणि ती सेवा आहे असं मलाही वाटायचं, का नाही वाटायचं? दुसरं काय होतं माझ्याजवळ द्यायला, धग सोडून?

त्याच शेडमध्ये त्यांनी पहिल्यांदा ते पाहिलं होतं. शंभर लूमचा तो खडखडाट, कान नसल्यासारखे व्हायचे. माणसं एकमेकांशी हातांनी बोलायची — मूठ कानाशी नेली की धागा तुटला, तळवा पालथा खाली दाबला की बंद कर, थांब. आणि मधोमध केसरीनाथ उभे, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे मिटत आलेले. आनंदीबाई घाबरल्या होत्या. वाटलं, किंचाळताहेत, हात सापडला मशिनीत. मग लक्षात आलं — गाताहेत. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. धोट्याच्या ये-जा करण्यावर ताल धरून तो माणूस देवाला आळवत होता आणि देवाशिवाय कुणाला ऐकू जायची सोयच नव्हती. त्या दिवशी अंगावर आलेला काटा... अजून आठवला की येतो. आवाज पाहता येतो, हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

"बघ आता," भावेश परत आला होता. त्यानं किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं. खालच्या बैठकीवर आकडा उजळला — सव्वीस. मग तीस. पाण्याच्या आत कुठेतरी, तळाशी, एक बारीक गुणगुण सुरू झाली, विणेची तार कुणी लांबून छेडल्यासारखी. आकडा चढेल तशी ती भरत गेली, आणि नव्वदला — खट्. आपोआप. उकळायच्या आधीच पाणी थांबलं. आनंदीबाईंनी पाणी तापताना हजारदा पाहिलं होतं, पण आता पुरे हे पाण्याला कळलेलं पाहिलं नव्हतं.

भावेशनं किटली तिरपी केली. आणि त्या निमुळत्या तोंडातून धार आली — दोरीएवढी, सरळ, एकसंध, जराही न वाजणारी. बुवा कीर्तनात सांगायचे, नाम घ्यावं तर तेलाच्या धारेसारखं, तुटू नये, वाजू नये. आनंदीबाई टाळकऱ्यांच्या मागे बसून ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, न वाजणारी धार कशी असेल? भांडं म्हटलं की ते वाजणारच... ती ही. भिवंडीच्या बाजारात, बाहेर टेम्पो हॉर्न मारतोय, हमाल शिव्या देतोय, आणि इथे काचेवर ती. त्यांनी नकळत हात जोडले. भावेशनं पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

"जरा जोरात वत ना," त्या म्हणाल्या.

"नाही होत. यातनं घाई करताच येत नाही. म्हणून तर बोललो, कॉफीवाल्यांची. त्यांना टाइमच टाइम."

गाळणी काढली, सुई कपात घातली. काटा ब्याऐंशीवर. आनंदीबाई काचेवर कोपरं टेकून पाहत राहिल्या. वर जाणारं सगळं त्यांनी पाहिलं होतं — दूध, भात, रस्सा, ताप — पण खाली येणारं कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. एकोणऐंशी. वाफ आधी उतावीळ होती, मग सैल झाली. चौऱ्याहत्तर. चहाचा रंग मात्र तसाच, उलट खोल. गजर टिपेला जातो तेव्हा सगळे नाचतात. पण त्यानंतर लय उतरवत, उतरवत, बुवा एकेका टाळाला जागेवर बसवायचे, ती उतरण किती अवघड असेल, याचा विचार आपण कधी केला का? अडुसष्ट... पासष्ट... काट्याला कसलीच घाई नव्हती. एक गिऱ्हाईक येऊन तवा घेऊन गेलं.

"घे. साठ," भावेश म्हणाला. "तूच पिऊन बघ."

त्यांनी कप तोंडाला लावला आणि झटकन मागे घेतला. कढत होता. जीभ चुरचुरली. हे — साठ? हे निवलेलं? त्यांनी फुंकर घातली, पुन्हा घोट घेतला, आणि तो घोट छातीतून खाली उतरताना त्यांना समजलं की आपण आजवर गरम चहा प्यायलेलोच नाही. सगळ्यांचं झाल्यावर, भांडी घासायला घेताना, फळीवर राहिलेला कप आठवायचा. साय धरलेला, गार. तोच आपला चहा. ज्या गोष्टीची चव माहीत नाही ती मी चाळीस वर्षं पळत पळत वाटली...

आणि बुवांनी ती धग घेतली. याच्याहून कितीतरी वर, जिथे पाणी उड्या मारतं तिथली, न फुंकता. त्या गळ्यात. आणि त्याच गळ्यातून वर आला तो आवाज, ज्यानं कनात थरथरायची. आनंदीबाईंनी कप काचेवर ठेवला. भीती होती ती? होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावले की मूर्ती हळूहळू दिसायला लागते तसं. केवढा माणूस. केवढं सोसणं, आणि त्यावर केवढं गाणं.

"रुंदवाली बांधू?" भावेशनं विचारलं.

"हीच. लांब मानेची. नि ती सुई. नि कप दोन दे."

"दोन? बुवांना एक बस् ना."

"दोन," त्या म्हणाल्या.

वडप्याला उतरल्या तेव्हा उन्हं कलली होती. गोडाउनांच्या रांगेमागे जिथे त्यांचं भाताचं शेत होतं तिथे कंटेनर उभे होते. केसरीनाथबुवा ओटीवर, भिंतीला पाठ लावून, वीस दिवसांच्या गप्पपणानं जरा लहान झाल्यासारखे. खोक्यातून किटली निघाली तशी त्यांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं, मग तेच बोट आपल्या गळ्यावर ठेवलं आणि बिनआवाज हसले, खांदे हलवून.

"हसा. हसा," आनंदीबाई म्हणाल्या. "कॉफीवाल्यांची हाय ती, साधी न्हाय."

पाणी गुणगुणायला लागलं तसं बुवांनी मान तिरपी केली. बोट वर गेलं, हवेत एका जागी थांबलं — सूर सापडला की थांबायचं तसं. खट्. मग धार. बुवा ती पाहत राहिले. त्यांचे ओठ किंचित हलले, पण मौन होतं. दोन कप भरले. वाफ वर आली, आणि बुवांचा हात पुढे आला — सवयीनं, दोन धाग्यांच्या फटीतून येतो तसा.

आनंदीबाईंनी तळवा पालथा केला आणि हवेत खाली दाबला.

ही खूण त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती; शेडच्या दारातून नुसती पाहिली होती. बुवांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी चकित होऊन बायकोकडे पाहिलं आणि हात मांडीवर परत नेला. काटा ब्याऐंशीवर होता.

आता थांबायचं होतं. आजवर या दोघांमध्ये कधी थांबायची वेळच आली नव्हती; ग्लास देईपर्यंत त्या पळत असायच्या, आणि दिल्यावर पाठ वळायची. ओटीवर वाफेशिवाय काही हलत नव्हतं. शहात्तर. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता. प्रश्न वर आला, आणि या वेळी आनंदीबाईंनी तो गिळला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमाला तसाच आवडायचा का ओ? तेवढा गरम?"

 बुवांनी उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर उभी केली आणि ती पळवली, भराभर, गुडघ्यापर्यंत. आनंदीबाईंनी ओळखलं, ती आपण. बोटं गुडघ्याशी थांबली. बुवांनी मग आपल्या डोळ्यांकडे बोट नेलं, आणि हात छातीवर ठेवला.

म्हणजे काय? तू पळत यायचीस ते मी बघायचो? म्हणून प्यायचो? की पळत यायचीस, मग नाही कसं म्हणणार? की डोळ्यांतून पाणी यायचं, छातीत जळायचं, तेच सांगत होते... लूमवाल्यांची ही भाषा त्यांना एवढीच येत होती, थांब म्हणण्यापुरती. पुन्हा विचारावंसं वाटलं. सोमवारी विचारता येईल, शब्द आला तर. नाही आला तर ही खूण आहेच, आयुष्यभर उलगडत बसायला.

सुईकडे पाहायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा काटा साठाच्याही खाली, अठ्ठावन्नावर उतरला होता. आनंदीबाईंनी एक कप बुवांच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः उचलला, फडक्याशिवाय, दोन्ही तळव्यांत. ऊब होती, चटका नव्हता. बुवांनी आपला कप तोंडाशी नेला आणि थांबले. आनंदीबाई फुंकर घालत होत्या, त्यांच्याकडे बघून त्यांनीही घातली, लहान मुलासारखे गाल फुगवून, बहुधा जन्मात पहिल्यांदा.

मी केलं का हे, माझ्या चहानं... प्रश्न तिथेच होता, कपाएवढाच, हातात. त्यांनी तो खाली ठेवला नाही.